कवकनाशक औषधे आणि प्राणिविषाणू : पिंपरी व पुणे येथील संशोधनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१

औषधिविज्ञानाच्या इतिहासात अशी काही द्रव्ये आढळतात की, ती ज्या कार्यासाठी शोधली गेली त्या कार्यापेक्षा निराळ्याच प्रश्नावर त्यांनी प्रकाश टाकला. कवकांचा, म्हणजेच बुरशीचा, नाश करणारी पॉलिईन वर्गातील प्रतिजैविके ही त्यांपैकी होत. ही द्रव्ये विषाणूंवर उपाय म्हणून कोणी शोधलेली नव्हती. विषाणुशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांचा प्रवेश झाला तो केवळ पहारेकरी म्हणून. काचेच्या बाटलीत वाढविलेल्या प्राणिपेशींवर बुरशी चढू नये, एवढेच काम त्यांच्याकडे होते. परंतु पहारेकरीच घरातील व्यवहारात हात घालू लागला, हे यथाकाल ध्यानात आले. आणि त्यातून विषाणूचे आवरण, पेशीचे पटल व औषधाची निवडक्षमता ह्यांविषयीचे महत्त्वाचे ज्ञान हाती लागले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ह्या इतिहासाला विशेष अर्थ आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात विषाणुसंशोधनाचे एक केंद्र उभे होते आणि तेथून सुमारे पंधरा किलोमीटरवर पिंपरी येथे कवकनाशक प्रतिजैविकांचा शोध चालू होता. ह्या दोन परंपरांची सांगड कोठे जुळते व त्यातून संशोधकाने कोणता बोध घ्यावा, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

प्राणिविषाणू जिवंत पेशीवाचून वाढत नाही. म्हणून १९४९ पूर्वी विषाणूंचा अभ्यास मुख्यतः प्रयोगप्राणी व कोंबडीची अंडी ह्यांवर अवलंबून होता. त्या वर्षी एंडर्स, वेलर व रॉबिन्स ह्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेबाहेरील ऊतींच्या संवर्धनात वाढवून दाखविला. ह्या कार्याबद्दल त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये हीला नावाची मानवी पेशीमालिका उपलब्ध झाली आणि १९५२ मध्ये डलबेको ह्यांनी पेशींच्या एकेरी थरावर विषाणूंची गणना करण्याची रीत प्राणिविषाणूंना लागू केली. संवर्धनातील विषाणू आता मोजता येऊ लागला, आणि जे मोजता येते त्यावर औषधाचा परिणामही तपासता येतो.

पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन ह्यांच्यावाचून ही प्रगती इतक्या वेगाने झाली नसती. पेशींना पोसणारे द्रव्य जिवाणूंनाही तितकेच मानवते. प्रतिजैविकांमुळे त्यांचा उपद्रव आटोक्यात आला. परंतु जिवाणू हटले की रिकाम्या जागेवर बुरशी व किण्व ह्यांचे फावते. त्यांच्या निवारणासाठी निराळ्या औषधाची आवश्यकता होती.

ती आवश्यकता मातीनेच पुरविली. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन ह्या दोन विदुषींनी व्हर्जिनियातील एका शेतातील मातीमधून मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून एक कवकनाशक द्रव्य वेगळे केले व १९५० मध्ये ते जाहीर केले. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्यास पुढे निस्टॅटिन हे नाव पडले. त्यानंतर काही वर्षांतच स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या प्रदेशातील मातीतून ॲम्फोटेरिसीन-बी मिळविले. शरीरात खोलवर पसरलेल्या बुरशीजन्य रोगांवर शिरेतून देता येण्याजोगे हे पहिले परिणामकारक औषध होय. १९६० च्या दशकाच्या आरंभापासून ते ऊतिसंवर्धनाच्या माध्यमातही घालण्याचा प्रघात पडला. दर मिलिलिटरला ०.२५ ते २.५ मायक्रोग्रॅम हे त्याचे प्रमाण आजही प्रयोगशाळांतून रूढ आहे.

३

भारतात प्रतिजैविकांच्या निर्मितीचा पाया सरकारी क्षेत्रात घातला गेला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही संस्था स्थापन झाली व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. ह्या संस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिने केवळ परकीय कृतीनुसार औषधे तयार करण्यात समाधान मानले नाही. मूळच्या म्हैसूर प्रांतातील कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे देशी मातीतील ॲक्टिनोमायसीट वर्गाच्या जीवांचा पद्धतशीर शोध घेण्यात आला.

ह्या शोधाचे पहिले मोठे फळ म्हणजे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेले हॅमायसीन. ज्या जीवापासून ते मिळाले त्यास पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव देण्यात आले. औषधाच्या नावातही संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे गुंफली गेली. १९६२ मध्ये डर्मोस्टॅटिन आणि १९६४ मध्ये ऑरिओफंजिन ह्यांची भर पडली. त्यांपैकी ऑरिओफंजिनचा उपयोग प्रामुख्याने पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी करण्यात आला. हॅमायसीनची कीर्ती देशाबाहेरही गेली. ब्लास्टोमायकोसिस ह्या रोगाच्या रुग्णांवर अमेरिकेत त्याची चाचणी १९६० च्या दशकात झाली.

ही तिन्ही द्रव्ये पॉलिईन वर्गातील आहेत. ह्या वर्गातील रेणू मोठ्या कड्यासारखे असतात. कड्याच्या एका बाजूस दुहेरी बंधांची ओळ असते व दुसऱ्या बाजूस पाण्याशी सख्य राखणारे हायड्रॉक्सिल गट असतात. ह्या रचनेमुळे तो रेणू पटलातील स्टेरॉल ह्या मेदद्रव्याशी संलग्न होतो. बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल असते व प्राण्यांच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल. पॉलिईन औषधाची ओढ पहिल्याकडे अधिक असली तरी दुसऱ्याकडे ती अजिबात नाही असे नव्हे. जिवाणूंच्या पटलात सामान्यतः स्टेरॉल नसते, म्हणून ते ह्या औषधांना दाद देत नाहीत. औषध पटलात छिद्रे पाडते, ही उपपत्ती दीर्घकाळ मान्य होती. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, ॲम्फोटेरिसीनचे रेणू पटलाबाहेर समूहाने राहून स्पंजाप्रमाणे स्टेरॉल शोषून घेतात. दोन्ही उपपत्तींत स्टेरॉल हेच मर्मस्थान होय, हे मात्र निर्विवाद आहे.

४

आता विषाणूकडे वळावयाचे. प्राणिविषाणूंचे दोन ठळक वर्ग पडतात. काहींना प्रथिनांच्या कवचाबाहेर मेदयुक्त आवरण असते. काहींना ते नसते. आवरण असलेला विषाणू स्वतः मेद तयार करीत नाही. पेशीतून बाहेर पडताना तो तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून निघतो, आणि त्या पांघरुणाबरोबर कोलेस्टेरॉलही त्याच्याकडे येते. ह्यावरून सहजच एक तर्क निघतो : जे औषध स्टेरॉलला धरते, ते आवरणयुक्त विषाणूलाही धरील.

ह्या तर्काची कसोटी १९७० च्या दशकात लागली. ॲम्फोटेरिसीन-बी पाण्यात विरघळत नाही, ही प्रयोगातील मोठी अडचण होती. रट्गर्स विद्यापीठातील शॅफ्नर व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याचे मेथिल एस्टर तयार करून ती दूर केली. १९७५ पासून पुढील काही वर्षांत हे एस्टर हर्पिस सिम्प्लेक्स, सिंडबिस, व्हॅक्सिनिया आणि व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस ह्या आवरणयुक्त विषाणूंची संसर्गक्षमता पेशीसंवर्धनात घटविते, असे दिसून आले. आवरणरहित विषाणूंवर तसा परिणाम आढळला नाही. १९७७ मध्ये फिलिपिन ह्या दुसऱ्या पॉलिईनच्या अभ्यासातून हेही स्पष्ट झाले की, सर्वच आवरणयुक्त विषाणू सारख्या प्रमाणात बळी पडत नाहीत. आवरणातील मेदाची मांडणी व प्रथिनांशी त्याचा संबंध ह्यांवर परिणामाची तीव्रता अवलंबून राहते.

येथे एक आक्षेप संभवतो. विषाणूचे कोलेस्टेरॉल हे जर पेशीचेच कोलेस्टेरॉल असेल, तर औषधाने विषाणूबरोबर पेशीही मरावयास हवी. ह्याचे उत्तर दोहोंच्या जीवनव्यवहारातील भेदात आहे. पेशी जिवंत असते. पटलास इजा झाली तर ती नवे मेद घडवून इजा भरून काढू शकते. पेशीबाहेरील विषाणुकणाला अशी कोणतीही सोय नाही. म्हणून औषधाच्या काही मर्यादित प्रमाणात पेशी तग धरते आणि विषाणू निकामी होतो. परंतु ही मर्यादा अरुंद आहे.

ह्याच कारणास्तव ह्या क्षेत्रातील प्रयोगाची आखणी फार काळजीपूर्वक करावी लागते. औषध घातल्यावर विषाणूची संख्या घटली, एवढ्यावरून औषध विषाणुनाशक ठरत नाही. आजारी वा मेलेल्या पेशीतही विषाणू वाढत नाही. म्हणून प्रथम औषधाची पेशींवरील विषारी मात्रा निश्चित करावी लागते. त्यानंतर तीन प्रयोग वेगवेगळे करावे लागतात : मुक्त विषाणुकणांवर औषधाची क्रिया करून, मिश्रण पुरेसे पातळ करून, ते पेशींवर घालणे, पेशींना औषध देऊन ते धुऊन काढल्यावर विषाणू घालणे, आणि संसर्ग झाल्यानंतर औषध देणे. पहिल्यात परिणाम दिसला तर आघात विषाणूवर, दुसऱ्यात दिसला तर पेशीच्या ग्रहणशक्तीवर आणि तिसऱ्यात दिसला तर विषाणूच्या वाढीवर वा निर्गमनावर, असे अनुमान करता येते. माध्यमातील रक्तद्रवाचे प्रमाणही विसरून चालत नाही. कारण रक्तद्रवातील कोलेस्टेरॉलयुक्त मेदप्रथिने औषधाला अडकवून ठेवतात आणि त्याची उपलब्ध मात्रा कमी होते.

५

पुण्यातील व्हायरस रिसर्च सेंटरची स्थापना १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांच्या सहकार्याने झाली. १९७८ पासून ही संस्था राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ह्या नावाने ओळखली जाते. १९५७ मध्ये म्हैसूर राज्यातील क्यासनूर अरण्यरोगाचा विषाणू शोधून तिने जागतिक मान्यता मिळविली. पेशीसंवर्धनाच्या इतिहासातही तिचे स्थान मोठे आहे. १९६७ मध्ये के. आर. पी. सिंग ह्यांनी तेथे ईडिस अल्बोपिक्टस व ईडिस इजिप्ती ह्या डासांच्या अळ्यांपासून पेशीमालिका तयार केल्या. त्यांपैकी अल्बोपिक्टसच्या मालिकेपासून जपानी शास्त्रज्ञ इगाराशी ह्यांनी १९७८ मध्ये सी-६/३६ हा वंश निवडून काढला. डेंगीचा विषाणू वेगळा करण्यासाठी तो आज जगभर वापरला जातो.

ह्या पेशींचा प्रस्तुत विषयाशी असलेला संबंध लक्षणीय आहे. कीटकांना कोलेस्टेरॉल स्वतः घडविता येत नाही. ते बाहेरूनच मिळवावे लागते. संवर्धनात डासांच्या पेशींना ते रक्तद्रवातून मिळते. म्हणून ह्या पेशींचे पटल, आणि त्यांतून निघालेल्या विषाणूंचे आवरण, ह्यांतील कोलेस्टेरॉल सस्तन प्राण्यांच्या पेशींच्या मानाने कमी असते. विषाणू तोच, पण तो डासाच्या पेशीतून आला की माकडाच्या, ह्यावर त्याच्या आवरणाचे मेदद्रव्य ठरते. पॉलिईन औषधाच्या प्रयोगात विषाणूचे नाव सांगणे म्हणूनच पुरेसे नाही. तो कोणत्या पेशीत वाढविला हेही सांगावे लागते.

विदर्भाशी निगडित असलेला चांदीपुरा विषाणू ह्या संदर्भात आठवतो. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ चालू असताना चांदीपुरा येथील दोन रुग्णांच्या रक्तातून तो मिळाला व भट्ट आणि रॉड्रिग्ज ह्यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूवर पॉलिईन औषधांचे आद्य प्रयोग झाले, त्याच्याच कुळातील हा आवरणयुक्त विषाणू होय. दीर्घकाळ त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. परंतु २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ बालकांपैकी १८३ दगावली आणि त्या साथीशी ह्या विषाणूचा संबंध जोडण्यात आला. २००७ मध्ये नागपूर विभागातही त्याचा उद्रेक झाला. ह्या रोगावर विषाणुविरोधी असे विशिष्ट औषध नाही. जो रोग काही तासांत बालकाला गाठतो, त्याच्या बाबतीत आवरणावर आघात करणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास हा निव्वळ पांडित्याचा विषय राहत नाही.

६

तथापि प्रयोगशाळेतील यश व रोग्यावरील उपचार ह्यांत मोठे अंतर असते. एड्सच्या विषाणूची कथा ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८६ मध्ये शॅफ्नर ह्यांच्या गटाने ॲम्फोटेरिसीनचे मेथिल एस्टर संवर्धनातील पेशींना ह्या विषाणूपासून संरक्षण देते असे दाखविले. पुढे १९९० च्या दशकात एच-९ ह्या मानवी पेशीमालिकेत निस्टॅटिन व इतर द्रव्यांची तुलना झाली, आणि त्या सुमारास पिंपरीच्या डर्मोस्टॅटिनचाही एचआयव्हीविरोधी गुण नोंदला गेला. अमेरिकेत २००१ मध्ये डर्मोस्टॅटिन-ए ह्या रेणूचे संपूर्ण रासायनिक संश्लेषण झाले, तेव्हा त्याच्या ह्या गुणाचाही निर्देश करण्यात आला. जो रेणू त्वचेवरील बुरशीसाठी १९६२ मध्ये पिंपरीत मिळाला, त्याच्या विषाणुविरोधी गुणाची वार्ता सुमारे तीन दशकांनी परदेशातून यावी, ह्यात शोधानंतरच्या चिकाटीचे महत्त्व दिसून येते. पण मेथिल एस्टरची रोग्यांवरील वाटचाल दुःखद ठरली. ते घेतलेल्या काही रुग्णांच्या मेंदूतील श्वेतद्रव्यास इजा झाल्याचे १९८० च्या दशकात निदर्शनास आले आणि त्याचा उपयोग मागे पडला. शिवाय एचआयव्ही पृष्ठप्रथिनाच्या अंतर्भागात बदल करून ह्या द्रव्याला चुकवितो, असे २००६ मध्ये सिद्ध झाले. मेद पेशीचे असले तरी त्यातील प्रथिन विषाणूचे असते. म्हणून प्रतिकाराची वाट विषाणूला येथेही मोकळी राहते.

आवरणाचा साधा नियमही अबाधित राहिला नाही. २०१५ मध्ये असे दिसून आले की, इट्राकोनॅझोल हे निराळ्या वर्गातील कवकनाशक औषध एंटेरोव्हायरस ह्या आवरणरहित विषाणूंची वाढ रोखते. येथे आघात विषाणूवर नसून पेशीतील ऑक्सिस्टेरॉल-बंधक प्रथिनावर होतो. एंटेरोव्हायरस पेशीच्या आत स्वतःची प्रत काढण्यासाठी जी पटले उभारतात, त्यांना कोलेस्टेरॉल पुरविण्याचे काम हे प्रथिन करते. आवरण नसले तरी कोलेस्टेरॉलवाचून त्या विषाणूचे चालत नाही, हे ह्यावरून कळते.

ह्याहूनही विचार करावयास लावणारा निष्कर्ष २०१३ मध्ये पुढे आला. ॲम्फोटेरिसीन-बी दिल्याने संवर्धनात इन्फ्लुएन्झा विषाणूचा संसर्ग कमी न होता उलट वाढला. पेशीत आयएफआयटीएम-३ नावाचे प्रथिन असते. विषाणूचे आवरण व पेशीचे पटल ह्यांचे मीलन ते अडविते. औषधाने पटलाची अवस्था बदलली आणि ह्या रक्षक प्रथिनाचा बंदोबस्त ढिला पडला. उंदरांवरील प्रयोगांतही तशाच आशयाचा परिणाम आढळला. म्हणजे एकच औषध एका विषाणूचा शत्रू व दुसऱ्याचा साहाय्यक ठरू शकते.

७

ह्या सर्व इतिहासाचे व्यावहारिक मोल निदानाच्या क्षेत्रात विशेष जाणवते. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावाहून एखाद्या तापकरी रुग्णाचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जातो, तेव्हा प्रवासात त्यावर जिवाणू वा बुरशी वाढू नये म्हणून वाहक द्रवात प्रतिजैविकांबरोबर बहुधा ॲम्फोटेरिसीनही असते. विषाणूच्या जनुकद्रव्याची चाचणी करावयाची असेल, तर ह्यामुळे सहसा बिघडत नाही. कारण तेथे विषाणू जिवंत असण्याची गरज नसते. परंतु जिवंत विषाणू पेशीसंवर्धनात वाढवावयाचा असेल, तर प्रश्न निराळा होतो. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, संवर्धनात नित्य वापरले जाणारे फंजिझोन, म्हणजे ॲम्फोटेरिसीनचेच विद्राव्य रूप, रुबेला विषाणूची वाढ दडपते. विषाणू सापडला नाही, ह्याचा अर्थ तो नव्हता असाच होतो असे नाही. कदाचित पहारेकऱ्याने त्याला आत येऊ दिले नसेल. नकारात्मक निष्कर्षावर विसंबण्यापूर्वी औषधविरहित माध्यमातील तुलनात्मक संवर्धन आवश्यक ठरते ते ह्यासाठी.

२०२१ मध्ये ह्या औषधाचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिसने ग्रासले आणि ॲम्फोटेरिसीनचा तीव्र तुटवडा निर्माण झाला; त्या वेळी विदर्भातच वर्धा येथे त्याचे उत्पादन सुरू करण्यात आले. मेदकणांत बसविलेल्या, मूत्रपिंडास कमी अपायकारक अशा ॲम्फोटेरिसीनवर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले कार्य त्यापूर्वीचे आहे. विषाणूच्या मागोमाग आलेल्या बुरशीवरील ह्या उपचाराचे मोल जीव वाचविण्याइतके होते, ह्यात शंका नाही. तरीही एकाच देहात विषाणू व बुरशी दोन्ही असताना स्टेरॉलवर काम करणारे औषध पहिल्यावर कोणता परिणाम करते, हा प्रश्न त्या अनुभवाने नव्याने उपस्थित केला. इन्फ्लुएन्झाच्या उदाहरणावरून त्याचे उत्तर गृहीत धरता येत नाही. ते प्रत्येक विषाणूसाठी स्वतंत्रपणेच शोधावे लागते.

हॅमायसीन, डर्मोस्टॅटिन व ऑरिओफंजिन ही ह्या भूमीतील मातीने दिलेली द्रव्ये आहेत. डासांच्या पेशीमालिका पुण्यात जन्मल्या आहेत. चांदीपुरा विषाणूचे नाव विदर्भातील स्थळावरून पडले आहे. रेणू, पेशी व विषाणू ही प्रयोगाची तिन्ही अंगे अशा रीतीने महाराष्ट्राच्या संशोधनपरंपरेत उपस्थित आहेत. त्यांना एकत्र आणताना औषधाची विषारी मात्रा, पेशीचा प्रकार, रक्तद्रवाचे प्रमाण आणि औषध देण्याची वेळ ह्या चार गोष्टींची काटेकोर नोंद ठेवली गेली, तर निष्कर्ष अनुकूल येवो वा प्रतिकूल, तो टिकाऊ ठरेल. संवर्धनाच्या बाटलीत घातलेले कोणतेही द्रव्य तटस्थ नसते, ही ह्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासाची मुख्य शिकवण होय.